राज्याची वेस आणि गुन्ह्याची पायरी

अमेरिकेत ‘तिसऱ्या डिग्रीचा गंभीर गुन्हा’ केला तर किती वर्षांची शिक्षा होते, असे कोणी विचारले तर त्याला आधी उलट विचारावे लागते : कोणत्या राज्यात? फ्लॉरिडात केला असेल तर जास्तीत जास्त पाच वर्षे. पेनसिल्व्हेनियात सात. टेक्ससमध्ये कमीत कमी दोन आणि जास्तीत जास्त दहा. न्यू जर्सीत तीन ते पाच. आणि तिथल्या कायद्याने ‘फेलनी’ हा जुना शब्दच टाकून देऊन नुसता ‘क्राइम’ ठेवला आहे. न्यूयॉर्कमध्ये सबंध गुन्ह्यांची उतरंड ‘ए’पासून ‘ई’पर्यंतच्या वर्गांत लावली आहे, तिथे ‘ई’ वर्गाला चार वर्षे आणि ‘बी’ वर्गाला पंचवीस. कॅलिफोर्नियात अशी एक शिडीच नाही, त्या त्या कलमात त्या त्या गुन्ह्याची वर्षे लिहिलेली. एकच देश, एकच झेंडा, एकच नाणे. पण गुन्ह्याचे माप प्रत्येक वेशीपाशी बदलते. मेट्रिक मापे येण्यापूर्वी आपल्याकडे पायली जशी गावोगाव वेगळी भरत असे, तसाच हा प्रकार आहे. आणि मजुरी देतानाची पायली वेगळी व वसुली करतानाची वेगळी, हेही आपल्या वाडवडिलांनी पाहिलेले आहे. अमेरिकन दंडविधानाचा इतिहास वाचताना मला त्या दोन पायल्यांची आठवण वारंवार झाली.

डिग्री हा शब्द आमच्या घरात माझ्याबरोबर आला. तिथे ती न्यायालयातून मिळते, आणि बहुधा जन्मभर पुसली जात नाही. नोकरी मागायला गेल्यावर मात्र दोन्ही डिग्र्या विचारल्या जातात, एवढे साम्य आहे.

हा विषय आपल्या नियतकालिकात कशाला, असे एखादा कार्यकर्ता विचारील. त्याचे उत्तर मला अवघड वाटत नाही. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात होते, आणि १९४६ साली त्यांनी ड्यू बॉइस यांना पत्र लिहून निग्रोंच्या प्रश्नाची चौकशी केली होती. १९७२ साली आपण ‘पँथर’ हा शब्द तिकडून घेतला. कृष्णवर्णीयांच्या कविता आणि आत्मकथने आपण वाचली, मराठीत आणली. परंतु त्यांना ज्या कायद्यांनी जखडले त्या कायद्यांच्या पोथ्या आपण फारशा उघडल्या नाहीत. मी तालुक्याच्या कॉलेजात इतिहास शिकवतो. अमेरिकेचा इतिहास शिकवताना लिंकनने गुलामगिरी नष्ट केली या वाक्यापाशी अभ्यासक्रम थांबतो आणि पुढचे पान एकदम मार्टिन ल्यूथर किंग यांच्यापाशी उघडते. मधल्या शंभर वर्षांत काय झाले? त्याचे पुष्कळसे उत्तर या ‘फेलनी’ शब्दात आहे.

आधी शब्दाचा अर्थ पाहू. जुन्या इंग्रजी कायद्यात फेलनी म्हणजे असा गुन्हा की ज्यात माणसाचा जीव तर जाईच, शिवाय त्याची जमीन आणि मालमत्ताही सरकारजमा होई. त्याखालचे किरकोळ गुन्हे ते मिस्डिमीनर. अमेरिकेने हा भेद उचलला. आज तिथे साधारणपणे ज्या गुन्ह्याला एका वर्षाहून अधिक कैद होऊ शकते तो फेलनी. पण वर्षांची मोजणी ही अर्धीच गोष्ट. फेलनीचा शिक्का बसला की राज्याराज्यांप्रमाणे मताचा हक्क जातो, ज्यूरीवर बसण्याचा हक्क जातो, कित्येक धंद्यांचे परवाने आणि नोकऱ्या बंद होतात. जुन्या काळी जमीन जप्त होई. आता नागरिकत्वाचा मोठा हिस्सा जप्त होतो.

आणि हा शिक्का केव्हा मारायचा ते ज्याचे त्याने ठरवायचे. १७८७च्या राज्यघटनेने फौजदारी कायदा मुख्यतः राज्यांकडेच राहू दिला. १७९१च्या दहाव्या दुरुस्तीने जे अधिकार संघराज्याला दिलेले नाहीत ते राज्यांचे किंवा लोकांचे, असे स्पष्ट केले. म्हणून तिथे पन्नास राज्यांची पन्नास दंडविधाने, राजधानीच्या प्रदेशाचे वेगळे, आणि संघराज्याचे आणखी एक. १९६२ साली अमेरिकन लॉ इन्स्टिट्यूट या कायदेपंडितांच्या संस्थेने एक आदर्श दंडविधान तयार करून फेलनीच्या तीन डिग्र्या सुचवल्या. पुष्कळ राज्यांनी त्यातून उचल केली, पण नावे उचलली आणि वर्षे आपापली घातली. म्हणून आज नावाचा सारखेपणा दिसतो आणि तो फसवा असतो.

चोरीचेच पाहा. किती किमतीची वस्तू चोरली म्हणजे माणूस ‘फेलन’ होतो? न्यू जर्सीत दोनशे डॉलर. टेक्सस आणि विस्कॉन्सिनमध्ये अडीच हजार. व्हर्जिनियात १९८० साली हा आकडा दोनशे ठरला आणि २०१८पर्यंत तो हलला नाही. मग पाचशे झाला, २०२० साली हजार. आता अडतीस वर्षांत वस्तूंच्या किमती कुठल्या कुठे गेल्या. म्हणजे विधिमंडळाने एक अक्षरही नवे न लिहिता कायदा दरवर्षी कडक होत गेला. १९८० साली जी वस्तू चोरणारा किरकोळ गुन्हेगार होता, तशाच वस्तूसाठी त्याचा मुलगा मोठा गुन्हेगार ठरला. महागाईचा फायदा व्यापाऱ्याला होतो हे आपण जाणतो. तुरुंगालाही होतो, हे मला तोवर सुचले नव्हते.

परंतु आकड्यांच्या या गमतीत फार रमण्याचे कारण नाही. ही उतरंड लागली कशी, आणि तिच्या तळाशी कोण होते, हे पाहिले पाहिजे.

खुनाच्या डिग्र्या करण्याची कल्पना पेनसिल्व्हेनियाची. १७९४ साली त्या राज्याने खुनाचे दोन भाग पाडले. योजून, ठरवून केलेला खून पहिल्या डिग्रीचा आणि फाशी फक्त त्याला, बाकीच्यांना कैद. क्वेकर पंथाच्या लोकांचा तिथे प्रभाव होता आणि रक्ताला रक्त या न्यायाचा त्यांना तिटकारा होता. पाठ्यपुस्तके या कायद्याला मानवतेचा टप्पा म्हणतात आणि तो होताही. दोनच वर्षांत, १७९६ साली, व्हर्जिनियाने त्याचे अनुकरण केले. फाशी एका गुन्ह्यापुरती उरली, बाकीच्या गुन्ह्यांना तुरुंग आला. पण कोणासाठी? स्वतंत्र माणसांसाठी. गुलामांना ही सुधारणा लागू नव्हती. ज्या गुन्ह्यासाठी गोऱ्याला कैद, त्याच गुन्ह्यासाठी गुलामाला फास, ही रीत तिथे चालूच राहिली. सुधारणा वरच्या मजल्यावर झाली आणि तळघरात जुनाच अंधार राहिला. आपल्याकडच्या एकोणिसाव्या शतकातल्या सुधारणांचा इतिहास ज्यांनी वाचला आहे त्यांना यात नवल वाटणार नाही.

जॉर्जियाचे १८६१चे दंडविधान तर निःसंकोच होते. काळ्या पुरुषाने गोऱ्या स्त्रीवर बलात्कार केला तर मृत्युदंड. तोच गुन्हा गोऱ्याने केला तर दोन ते वीस वर्षे कैद. आणि बळी पडलेली स्त्री काळी असेल तर? दंड आणि कैद, न्यायालयाला योग्य वाटेल तेवढी. हे कलम मी पहिल्यांदा वाचले तेव्हा पुस्तक मिटून ठेवले आणि मनुस्मृतीचा आठवा अध्याय काढला. ब्राह्मणाला क्षत्रियाने शिवी दिली तर शंभर पण दंड, वैश्याने दिली तर दीडशे किंवा दोनशे, शूद्राने दिली तर देहदंड. आणि ब्राह्मणाने शूद्राला दिली तर बारा पण. करणारा कोण आणि सोसणारा कोण यांची आधी उभी-आडवी मांडणी करायची आणि मग त्या चौकटीत शिक्षा भरायची, ही पद्धत दोन्हीकडे तंतोतंत तीच. जॉर्जियाच्या मळेवाल्यांनी मनू वाचला नव्हता. वाचण्याची गरजही नव्हती. माणसांची प्रतवारी एकदा मान्य केली की असे दंडविधान कोणालाही लिहिता येते. महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी जे जाळले गेले ते एक पुस्तक खरे, पण ही पद्धतही त्या आगीत होती.

येथे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. राज्याराज्यांचा हा फरक नेहमी गुलामांच्या विरुद्धच गेला असे नाही. पेनसिल्व्हेनियाने १८२६ साली असा कायदा केला की कोणाही कृष्णवर्णीयाला जबरदस्तीने उचलून गुलाम करण्यासाठी नेणे ही फेलनी, आणि शिक्षा सात ते एकवीस वर्षे. शेजारच्या मेरीलँडमध्ये गुलामगिरी कायदेशीर. १८३७ साली एडवर्ड प्रिग नावाचा गोरा आणि त्याचे साथीदार पेनसिल्व्हेनियात शिरले आणि मार्गारेट मॉर्गन हिला तिच्या मुलांसह उचलून मेरीलँडला घेऊन गेले. त्यातले एक मूल तर पेनसिल्व्हेनियाच्या मोकळ्या जमिनीवर जन्मलेले. मेरीलँडच्या दृष्टीने त्याने मालकाचा माल परत आणला. पेनसिल्व्हेनियाच्या दृष्टीने तो अपहरण करणारा गुन्हेगार. एकच कृत्य वेशीच्या अलीकडे हक्क आणि पलीकडे फेलनी. पेनसिल्व्हेनियाने त्याला दोषी ठरवले. १८४२ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला : पळालेला गुलाम परत मिळवण्याचा हक्क मालकाला राज्यघटनेनेच दिला आहे, म्हणून पेनसिल्व्हेनियाचा कायदा त्याआड येऊ शकत नाही. पुढे आयुष्यभर ‘राज्यांचे हक्क, राज्यांचे हक्क’ म्हणून घोष करणाऱ्या दक्षिणेला या प्रसंगी राज्याचा हक्क नको होता. १८५० साली फरारी गुलामांचा कडक कायदा त्यांनी केंद्राकडूनच करून घेतला. तत्त्व कोणते, हे मालमत्ता कोणाची आहे त्यावर ठरत होते.

१८६५ साली तेरावी दुरुस्ती आली. गुलामगिरी संपली, मात्र गुन्ह्याबद्दलची शिक्षा म्हणून सक्तीची चाकरी चालेल, एवढी फट त्या दुरुस्तीतच राहिली. १८६८ साली चौदावी दुरुस्ती आली आणि कायद्यापुढे समानता आली. आता दंडविधानात ‘काळा’ आणि ‘गोरा’ हे शब्द लिहिणे कठीण झाले. मग शब्द गेले आणि प्राण्यांची नावे आली. हे अलंकाराने म्हणत नाही.

मिसिसिपीत युद्धानंतर काही वर्षे मुक्त गुलामांना मत होते, त्यांचे प्रतिनिधी विधिमंडळात होते. १८७५ साली गोऱ्यांच्या पक्षाने मारहाण आणि खूनखराबा करून निवडणूक जिंकली. १८७६ साली या नव्या विधिमंडळाने चोरीचा कायदा बदलला. तोपर्यंत पंचवीस डॉलरच्या वर चोरी म्हणजे मोठी चोरी होती. ती मर्यादा दहा डॉलरवर आणली. आणि गाय, डुक्कर असे कोणतेही जनावर चोरले तर त्याची किंमत काहीही असो, ती मोठीच चोरी. शिक्षा पाच वर्षांपर्यंत. लोक या कायद्याला ‘डुक्कर कायदा’ म्हणू लागले. आता डुकरेच का? त्या मुलखात डुकरे दावणीला नसत, रानात मोकळी हिंडत. वाट्याने शेती करणाऱ्या काळ्या कुटुंबाच्या घरात पेरणी ते कापणी या दिवसांत खायला नसे. कोणते डुक्कर कोणाचे, हा वाद केव्हाही उकरता येई आणि वादात साक्ष कोणाची ग्राह्य धरायची हे ठरलेलेच होते. म्हणजे कायद्यात रंगाचे नाव नाही, पण कोणाच्या पोटावर नेम धरला आहे ते सगळ्यांना ठाऊक.

१८७४ साली मिसिसिपीच्या तुरुंगात २७२ कैदी होते. १८७७च्या अखेरीस १,०७२ झाले. तीन वर्षांत चौपट! आणि या कैद्यांचे करायचे काय, याचीही सोय झालेली होती. ते भाड्याने दिले जात. रेल्वेचे ठेकेदार, कापसाचे मळेवाले, दलदली साफ करून घेणारे भांडवलदार त्यांना राज्याकडून भाड्याने घेत. गुलाम विकत घ्यावा लागे, म्हणून मालक त्याच्या जिवाला थोडे तरी जपत असे. भाड्याचा कैदी मेला तर दुसरा मिळे. अशा माणसांच्या मृत्यूंनी दक्षिणेतले लोहमार्ग पुढे सरकले. ही पद्धत मिसिसिपीत १८९०च्या राज्यघटनेने बंद ठरवली. अलाबामात ती १९२८पर्यंत चालली.

एका विद्यार्थ्याने मला वर्गात विचारले होते, “सर, डुकरासाठी पाच वर्षे?” मी त्याला आपल्या देशातली यादी दाखवली. आपल्याकडे गोवंशाचा विषय राज्यांकडे आहे. महाराष्ट्राच्या कायद्यातली दुरुस्ती १९९५ची, तिला संमती २०१५ साली मिळाली आणि शिक्षा पाच वर्षांपर्यंत गेली. गुजरातने २०१७ साली ती दहा वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत नेली. केरळात अशी बंदीच नाही. आणि उनात जुलै २०१६ मध्ये ज्या तरुणांना गाडीला बांधून मारले, ते मेलेल्या गाईचे कातडे सोडवत होते; तिथे तर कोणताही कायदा मोडलेला नव्हता. विद्यार्थ्याने पुढे काही विचारले नाही.

रंगाचे नाव कायद्यातून सर्वस्वी गेले असेही नाही. एका ठिकाणी ते विसाव्या शतकातही उघड राहिले, आणि आपल्या वाचकांना ते ठिकाण लगेच ओळखू येईल. ते म्हणजे लग्न. व्हर्जिनियाच्या कायद्यात गोऱ्या व्यक्तीने काळ्या व्यक्तीशी विवाह करणे ही फेलनी होती. शिक्षा एक ते पाच वर्षे. चोरी नाही, मारामारी नाही. दोन माणसांनी संसार मांडला हाच गंभीर गुन्हा. रिचर्ड लव्हिंग हा गोरा गवंडीकाम करणारा माणूस आणि मिल्ड्रेड ही काळ्या व आदिवासी वंशाची मुलगी. जून १९५८ मध्ये दोघे शेजारच्या वॉशिंग्टनला गेले, तिथे असा कायदा नव्हता, आणि रीतसर लग्न करून आपल्या गावी परतले. काही आठवड्यांत रात्री पोलीस झोपण्याच्या खोलीत शिरले. जानेवारी १९५९ मध्ये न्यायाधीशाने एक वर्षाची कैद सुनावली आणि ती या अटीवर स्थगित ठेवली की दोघांनी पंचवीस वर्षे मिळून व्हर्जिनियात पाऊल टाकायचे नाही. गावातून हद्दपार! वॉशिंग्टनमध्ये ते नवरा-बायको, नदी ओलांडली की दोन गुन्हेगार. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा रद्द केला तेव्हा तसले कायदे आणखी पंधरा राज्यांत जिवंत होते.

बाबासाहेबांनी १९३६ साली जातिनिर्मूलनाचा खरा उपाय म्हणून आंतरजातीय विवाह सांगितला तो का, हे व्हर्जिनियाच्या विधिमंडळाला जणू नेमके कळले होते. म्हणून त्यांनी तिथेच कुलूप लावले. आपल्याकडे हे काम कायद्याने केले नाही. त्यासाठी जातपंचायत, भाऊबंद आणि विहीर होतीच.

नागरी हक्कांच्या चळवळीने १९६०च्या दशकात हे सारे हादरवले. त्यानंतर दंडविधानाची भाषा पूर्ण शुद्ध झाली. आता प्रश्न अंमलाचा आणि वर्षांचा उरला. १९६८ साली ह्यूस्टनमध्ये ली ओटिस जॉन्सन या कृष्णवर्णीय कार्यकर्त्याला तीस वर्षांची शिक्षा झाली. गुन्हा काय? एका साध्या वेशातल्या पोलिसाला गांजाची एक विडी दिली. टेक्ससमध्ये त्या वेळी गांजा बाळगणे किंवा देणे याला दोन वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत काहीही देता येत असे. दोन आणि जन्मठेप यांच्यामध्ये जी मोकळी जागा असते ती कशाने भरते, हे चळवळीत काम केलेल्या माणसाला सांगायला नको. चार वर्षांनी, १९७२ साली, संघराज्याच्या न्यायालयाने त्याला सोडवले. १९७३ साली टेक्ससने थोडा गांजा बाळगणे किरकोळ गुन्ह्यात आणले. त्याच वर्षी ऑरेगॉनने तो दंडावर सोडला. आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कने, जे राज्य पुरोगामी म्हणून ओळखले जाते त्याने, चार औंस अफूजन्य द्रव्य बाळगणाऱ्याला पंधरा वर्षांपासून जन्मठेपेपर्यंतचा कायदा केला. त्या कायद्याने न्यूयॉर्कचे तुरुंग काळ्या आणि पोर्तोरिकन तरुणांनी भरले. तेव्हा उत्तर चांगली आणि दक्षिण वाईट अशी सोपी वाटणी करून चालणार नाही.

सर्वोच्च न्यायालयाने या विषमतेकडे कसे पाहिले? १९८० साली टेक्ससच्या विल्यम रमेल याचे प्रकरण त्यांच्यापुढे आले. १९६४ साली त्याने क्रेडिट कार्डावर ऐंशी डॉलरची लबाडी केली. १९६९ साली २८ डॉलर ३६ सेंटचा बनावट धनादेश वटवला. १९७३ साली १२० डॉलर ७५ सेंट फसवून घेतले. तिन्ही टेक्ससच्या मापाने फेलनी, आणि तिसऱ्या फेलनीला टेक्ससमध्ये जन्मठेप. बेरीज करा : २२९ डॉलर ११ सेंट. वकिलाने दाखवून दिले की दुसऱ्या राज्यांत या माणसाला एवढी शिक्षा झाली नसती. पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालयाने जन्मठेप कायम केली. त्यांचा युक्तिवाद असा की संघराज्य म्हटले की कोणते तरी एक राज्य सर्वांत कडक असणारच; सारखेपणा घटनेने लादलेला नाही. तीन वर्षांनी साउथ डकोटातल्या एका माणसाची शंभर डॉलरच्या खोट्या धनादेशावरची, कधीच सुटका नसलेली जन्मठेप मात्र त्याच न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी रद्द केली. एक न्यायमूर्ती इकडचा तिकडे झाला. आणि १९८७ साली जॉर्जियाच्या मॅक्लेस्की प्रकरणात, गोऱ्याचा खून करणाऱ्याला फाशी होण्याचा संभव काळ्याचा खून करणाऱ्याहून ४.३ पट आहे, असे संख्याशास्त्राने मांडून दाखवल्यावरही न्यायालय म्हणाले की या आरोपीच्या बाबतीत हेतुपुरस्सर भेदभाव सिद्ध झाला नाही. १८६१चे कलम पुस्तकातून गेले होते. आकड्यांतून गेले नव्हते.

बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना अमेरिकन संघराज्याचा दाखला घेतला होता. स्थानिक गरजांप्रमाणे कायद्यात काही विविधता असणे त्यांना मान्य होते. पण एका मर्यादेपलीकडे ती गोंधळ निर्माण करते, म्हणून भारतात न्यायव्यवस्था एकच, आणि मूलभूत दिवाणी व फौजदारी कायदे सर्वत्र सारखे, अशी योजना त्यांनी पुढे ठेवली. त्याच भाषणात त्यांनी खेड्याला स्थानिक संकुचितपणाचे डबके म्हटले आणि त्यावरून पुष्कळ गांधीवादी दुखावले. माझ्या मते ही दोन विधाने एकमेकांपासून तोडून वाचता येत नाहीत. ‘स्थानिक लोकांना ठरवू द्या’ हे ऐकायला लोकशाहीचे वाटते. पण स्थानिक म्हणजे कोण? वाड्यातले की वाड्याबाहेरचे? मिसिसिपीचे ‘स्थानिक मत’ मोजताना अर्धी वस्ती मोजलीच नव्हती. ज्या माणसाने कोलंबियात बसून हा देश पाहिला होता आणि गावकुसाबाहेरचे जगणे अंगावर घेतले होते, त्याला गुन्ह्याची व्याख्या गावाच्या हातात देणे परवडणारे नव्हते.

त्यामुळे १८६०चे दंडविधान, आणि १ जुलै २०२४पासून त्याच्या जागी आलेली न्याय संहिता, देशभर एकच राहिली. जम्मू-काश्मीरचा २०१९पर्यंतचा अपवाद सोडता. चोरीची व्याख्या नागपुरात एक आणि रायपुरात दुसरी असे आपल्याकडे होत नाही. यावर कोणी लगेच समाधान मानू नये. १८७१चा गुन्हेगार जमातींचा कायदा पुढे सबंध देशावर पसरला तोही वरूनच लादलेला होता, आणि त्याने पारधी, कैकाडी, मांग-गारुडी यांच्या पोटातल्या पोराला गुन्हेगार ठरवले. १९५२ साली तो रद्द झाला, तरी चौकीतल्या वहीतली नावे गेली नाहीत. एकसारखा कायदा अन्यायही एकसारखा करू शकतो.

एक फरक मात्र मला महत्त्वाचा वाटतो, आणि तो मताचा. आपल्याकडे १९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे तुरुंगात असलेल्या माणसाला मत देता येत नाही, हे अन्यायाचे आहे, विशेषतः ज्यांचा खटलाच उभा राहिलेला नाही अशा कच्च्या कैद्यांबाबत. पण तो सुटला की त्याचे मत त्याच्यापाशी परत येते. अमेरिकेत मेन आणि व्हर्माँट या दोन राज्यांत तुरुंगातला माणूसही मत देतो. पुष्कळ राज्यांत सुटल्यावर मत परत मिळते, काहींत शिक्षेची सगळी मुदत संपल्यावर. फ्लॉरिडात २०१८ साली मतदारांनीच सुमारे चौसष्ट टक्के कौल देऊन शिक्षा संपलेल्या बहुतेकांना मत परत दिले. पुढच्याच वर्षी विधिमंडळाने, न्यायालयाचे सर्व दंड आणि शुल्क फेडल्याशिवाय शिक्षा संपली असे धरणार नाही, असा कायदा केला. पैसे नाहीत तर मत नाही. २०२४च्या अंदाजाप्रमाणे फेलनीमुळे मत गमावलेल्या अमेरिकनांची संख्या सुमारे चाळीस लाख होती.

आणि पुन्हा मिसिसिपी. १८९० साली त्या राज्याने नवी घटना केली तेव्हा कोणत्या गुन्ह्यांनी मत जावे याची यादी केली : लाच, घरफोडी, चोरी, जाळपोळ, फसवणूक, खोटी शपथ, बनावट कागद, अपहार, दोन बायका करणे. खून आणि बलात्कार यादीत नव्हते! हे अनवधानाने झाले नव्हते. १८९६ साली खुद्द मिसिसिपीच्या सर्वोच्च न्यायालयाने लिहून ठेवले की पंधराव्या दुरुस्तीमुळे वंशाचे नाव घेता येत नव्हते, म्हणून त्या वंशाचे लोक ज्या गुन्ह्यांकडे वळतात असे घटनाकर्त्यांना वाटत होते ते गुन्हे निवडले. डुकराची चोरी करणाऱ्याचे मत जाई, माणूस मारणाऱ्याचे राही. १९५० साली यादीतून घरफोडी काढली, १९६८ साली खून आणि बलात्कार घातले. बाकीची यादी १८९०चीच आहे. तिला दिलेले आव्हान २०२२ साली अपील न्यायालयाने फेटाळले आणि २०२३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ते ऐकण्यास नकार दिला. या यादीतल्या गुन्ह्यासाठी मत गमावलेल्या मिसिसिपीच्या माणसाला ते परत हवे असेल तर त्याने राज्यपालाकडून माफी मिळवावी. नाहीतर एखाद्या आमदाराला गाठून त्या एका माणसाच्या नावाचे स्वतंत्र विधेयक मांडायला लावावे, आणि ते दोन्ही सभागृहांत दोनतृतीयांश मतांनी संमत व्हावे लागते.